जरा सेटिंगचं बघ

‘जरा ईमेलच्या सेटिंगचं बघ,’ असे मी ज्या रात्री एआय एजंटला, म्हणजे सांगितलेली कामे आपल्या वतीने करणाऱ्या प्रोग्रामला, लिहिले, त्या रात्री ‘बघणे’ या साध्या क्रियापदाने मला चांगलेच अडचणीत आणले असते. मराठीत नळाचे बघायला सांगितले, तर प्लंबरने नळ दुरुस्त करावा अशी अपेक्षा असते. तो नळाकडे नुसता पाहून ‘गळतोय खरा’ असे म्हणाला आणि निघून गेला, तर त्याने नळाचे बघितले असे कोणी म्हणणार नाही. पाहुण्यांच्या जेवणाचे बघणे म्हणजे स्वयंपाकघरात उभे राहणे, आणि मुलाच्या नोकरीचे बघणे म्हणजे चार ठिकाणी शब्द टाकणे. एजंटला मराठी चांगले येते, आणि त्याने माझ्या वाक्याचा अर्थ एखाद्या मराठी माणसासारखाच लावला. पाचसहा सेकंदांत पडद्यावर एक चौकट आली. सूचनांच्या सेटिंगमध्ये बदल करणारे साधन वापरायचे आहे, परवानगी आहे काय, अशी विचारणा तीत होती. खाली तीन बटणे होती: एकदाच परवानगी, नेहमीसाठी परवानगी आणि नकार.

मला काहीही बदलायचे नव्हते. निदान त्या क्षणी तरी काय झाले आहे एवढेच पाहायचे होते.

झाले होते ते असे. मी रत्नागिरीत राहते आणि गेली एकोणीस वर्षे जमिनीच्या कागदपत्रांचे मराठीतून इंग्रजीत भाषांतर करते. खरेदीखते, बक्षीसपत्रे, वाटणीपत्रे, मुखत्यारपत्रे, सातबारे आणि त्या सातबाऱ्यांमागची फेरफारांची लांबलचक शेपटी, हा माझा रोजचा व्यवहार. माझी पुष्कळशी गिऱ्हाइके कोकणातून बाहेर पडलेल्या कुटुंबांतली असतात. आजोबांच्या नावावरची कलमांची बाग विकायची की वाटून घ्यायची, याचा निर्णय न्यू जर्सीत किंवा मेलबर्नमध्ये बसून घ्यायचा असतो, आणि तिथल्या वकिलाला मराठी येत नसते. अशी कामे मला अलीकडे एका ऑनलाइन सेवेकडून मिळतात. एखाद्याने कागद पाठवला की ती सेवा त्या विषयाच्या भाषांतरकारांना ईमेल करते, आणि अठ्ठेचाळीस तासांत होकार कळवला नाही, तर विचारणा आपोआप मिटते. मागच्या महिन्यात मी भलत्याच कामासाठी त्या सेवेचे पान उघडले, तेव्हा तीन विचारणांपुढे ‘मुदत संपली’ असे करड्या अक्षरांत लिहिलेले दिसले. त्यांतले एक शेहेचाळीस पानी वाटणीपत्र होते, सहा भावांचे, गावठाणापासून खाजणापर्यंतच्या प्रत्येक तुकड्याची चतुःसीमा दिलेले. अशा कामाला मी कधीही नाही म्हटले नसते. पण मला त्यांपैकी एकाचीही ईमेल आली नव्हती. स्पॅमच्या फोल्डरमध्येही काही सापडले नाही.

पुण्यातल्या भाच्याला फोन केला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून आमच्या घराण्यातल्या सगळ्या बिघाडांचे तोच बघतो (प्लंबरच्या अर्थाने).

‘मावशी, तू एकेक पान उघडून शोधत बसू नकोस,’ तो म्हणाला. ‘त्यांनी एजंटसाठी टूल दिलंय. मी तुझ्या एजंटला जोडून देतो, मग तू फक्त विचारायचंस.’

‘अरे, पण ते परस्पर काही बदलून ठेवणार नाही ना?’

‘तुला विचारल्याशिवाय नाही बदलणार. चौकट आली की वाच मात्र. सगळे न वाचता हो म्हणतात.’

जोडून देण्याच्या या प्रकाराला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, थोडक्यात एमसीपी, असे म्हणतात. अँथ्रॉपिक या कंपनीने तो नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वांसाठी खुला केला, आणि नंतर इतर कंपन्यांनीही तो उचलला. त्याआधी प्रत्येक एजंटला प्रत्येक सेवेशी जोडायचे, तर दर जोडीसाठी वेगळी खटपट करावी लागे. आता सेवेने आपल्याजवळच्या साधनांची एक यादी ठरलेल्या पद्धतीने मांडायची. साधनाचे नाव, ते काय करते याचे साध्या भाषेतले वर्णन, आणि त्याला कोणती माहिती पुरवावी लागते, एवढे त्या यादीत असते. मी हे स्वतःला तहसील कचेरीच्या खिडक्यांवरून समजावून घेतले. एका खिडकीवर ‘येथे उतारे मिळतील’ अशी पाटी, दुसऱ्या खिडकीवर ‘येथे अर्ज स्वीकारले जातील’ अशी पाटी. एजंट बाहेरच्या ओट्यावर उभा राहून पाट्या वाचतो, माझे काम कोणत्या खिडकीवर होईल याचा अंदाज बांधतो आणि तिथे चिठ्ठी सरकवतो. आत कपाटे किती आहेत, कोण बसले आहे, दप्तर कोणत्या अवस्थेत आहे, हे त्याला दिसत नाही. मी पाहते ते रंगीत पान, त्यावरची बटणे आणि सरकते खटके हेही त्याला दिसत नाहीत. माझ्या या सेवेने अकरा खिडक्या उघडल्या होत्या. त्यांतल्या दोन सेटिंगच्या होत्या, एक सेटिंग वाचून देणारी आणि एक ती बदलणारी. माझ्या ‘बघ’ने एजंट थेट दुसऱ्या खिडकीवर गेला होता.

ती चौकट आली याचे श्रेय एका छोट्या शेऱ्याला आहे. या प्रोटोकॉलच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून प्रत्येक साधनावर सेवेला काही शेरे मारता येतात. हे साधन केवळ वाचणारे आहे, असा एक शेरा. हे साधन असलेले काही पुसून टाकू शकते, असा दुसरा. मला त्यातली खरी गंमत वाटली ती शेरा न मारल्यास काय धरायचे याच्या नियमात. सेवेने काहीच सांगितले नसेल, तर ते साधन केवळ वाचणारे नाही, असे समजावे. आणि ते बदल करणारे असून त्याबद्दल अधिक काही सांगितलेले नसेल, तर ते मोडतोड करू शकते, असेच समजावे. मौनाचा अर्थ वाईटाच्या बाजूने लावायचा, हा नियम ज्याने लिहिला, त्याला कागदपत्रांच्या धंद्यात नक्की काम मिळेल. अर्थात शेरा म्हणजे हमी नव्हे, आणि तसे त्या मसुद्यातच स्पष्ट म्हटले आहे: ज्या सेवेवर तुमचा विश्वास नाही, तिने मारलेल्या शेऱ्यावरही विश्वास ठेवू नये. ‘येथे फक्त उतारे मिळतील’ ही पाटी शेवटी खिडकीच्या मालकानेच रंगवलेली असते.

‘नेहमीसाठी परवानगी’ या बटणाकडे मी जरा जास्त वेळ पाहत राहिले, कारण त्याचे कागदी रूप माझ्या टेबलावर दर आठवड्याला येते. मुखत्यारपत्र दोन तऱ्हांचे असते. विशेष मुखत्यारपत्रात एकच काम लिहिलेले असते: अमुक गट नंबरच्या अमुक क्षेत्राचे खरेदीखत दुय्यम निबंधकासमोर नोंदवणे, एवढेच आणि तेवढेच. कुलमुखत्यारपत्रात मात्र विकणे, गहाण ठेवणे, भाड्याने देणे, दावे दाखल करणे, तडजोड करणे, पैसे स्वीकारून पावती देणे असे अधिकार एकाखाली एक रचलेले असतात, आणि शेवटी ‘व यासंबंधी आवश्यक ती सर्व कृत्ये करणे’ अशी एक ओळ असते, जिच्यावरून पुढे दोन पिढ्या भांडतात. न्यायालये मुखत्यारपत्राचा अर्थ काटेकोर लावतात, म्हणजे जे लिहिले नाही ते दिले नाही असे धरतात. तरीही वकील कुलमुखत्यारपत्राचे भाषांतर दोनदा तपासून घेतात. परदेशातली माणसे सोयीसाठी कुलमुखत्यारपत्र करून देतात, त्यामागे बहुधा कंटाळा असतो. दर वेळी वकिलातीत जाऊन सही साक्षांकित कोण करणार? त्या रात्री साडेअकरा वाजता मलाही तसाच कंटाळा आला होता.

मी नकाराचे बटण दाबले आणि नव्याने लिहिले: ‘ईमेल सूचनांची सध्याची सेटिंग केवळ वाचून जशीच्या तशी कळवावी. कोणताही बदल करू नये.’

एजंटला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, हे माझे अजून ठरलेले नाही. ‘तू’ म्हटले तर घरच्या माणसावर टाकावे तसे काम टाकल्यासारखे वाटते, आणि ‘तुम्ही’ म्हटले तर आपण उगाच कोणाला तरी मान देतो आहोत, असे वाटते. कचेरीतल्या कागदांनी त्यावर पूर्वीच तोड काढलेली आहे. ‘कळवावे’, ‘सादर करावे’, ‘करू नये’ असा विध्यर्थ वापरला की समोर कोण आहे हा प्रश्नच उरत नाही, आणि ‘बघ’सारखा दुहेरी शब्दही तोंडी येत नाही.

या वेळी चौकट आली ती वाचणाऱ्या साधनासाठी. मी ‘एकदाच’ दाबले. एजंटने उत्तर दिले: ‘तुमच्या ईमेल सूचना सुरू आहेत.’ पुढे दोन ओळींत मला धीर दिला होता, की सेटिंग योग्य दिसते आहे आणि ईमेल येत नसतील तर स्पॅम फोल्डर तपासावा.

मी तिथेच थांबले असते. सेटिंग ठीक आहे, म्हणजे दोष इतर कुठे तरी असेल, असे म्हणून झोपले असते. पण उत्तराच्या वर एक बारीक करडी ओळ होती, तिच्यात वापरलेल्या साधनाचे नाव होते, आणि शेजारी एक छोटासा बाण होता. बाण दाबल्यावर सेवेने एजंटला दिलेला मूळ कागद उघडला. महिरपी कंस, अवतरणचिन्हे, विसर्गासारखी टिंबे, आणि प्रत्येक ओळीत डावीकडे नाव व उजवीकडे किंमत. पहिली ओळ: ईमेल, होय. तिच्याखाली आत सरकवलेली दुसरी यादी. पैसे जमा झाल्याची सूचना, तत्काळ. ग्राहकाचा निरोप, तत्काळ. सेवेच्या बातम्या, कधीही नाही. नवी विचारणा, साप्ताहिक गोषवारा.

अठ्ठेचाळीस तासांत मिटणाऱ्या विचारणेची खबर मला आठवड्यातून एकदा मिळणार होती. आणि तो साप्ताहिक गोषवारा खरोखरच येत होता. दर सोमवारी पहाटे येणाऱ्या त्या ईमेलला मी जाहिरात समजून न उघडता पुसत आले होते.

एजंटचे वाक्य खोटे नव्हते, हे मला त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पहिल्या ओळीत होय असेच लिहिलेले होते. मी ‘जशीच्या तशी’ मागितली होती आणि त्याने गोषवारा दिला, एवढाच त्याचा अपराध. पण माझ्या धंद्यात तो लहान नाही. वाटणीपत्रातल्या तुकड्याला पूर्वेस वहाळ, पश्चिमेस अमक्याची वरकस जमीन, दक्षिणेस पायवाट आणि उत्तरेस सामाईक विहीर असते. भाषांतरात ‘या जमिनीला चारही बाजूंनी सीमा आहेत’ असे लिहिले, तर ते वाक्यही खरेच असेल. मी पुन्हा विचारले, या वेळी ‘प्रत्येक प्रकारच्या सूचनेची सेटिंग स्वतंत्र ओळीत द्यावी’ असे म्हणून, आणि मग त्याने सगळे बिनचूक मांडले. माणसाने नेमके विचारले की तो नेमके सांगतो. आता अडचण एवढीच, की नेमके काय विचारायचे हे मला बाणाखालचा कागद पाहिल्यानंतर कळले होते.

ईमेलच्या सूचनांना हो किंवा नाही एवढेच उत्तर पुरत असे, असाही एक काळ होऊन गेला. बर्कलीच्या विद्यापीठातल्या युनिक्स या संगणकप्रणालीत १९८० च्या सुमारास ‘बिफ’ नावाचा एक छोटा प्रोग्राम आला. टपाल आले की तो टर्मिनलवर तसे कळवायचा. तिथे एका विद्यार्थिनीबरोबर येणारा कुत्रा सगळ्यांच्या ओळखीचा होता, त्याचे नाव बिफ, आणि त्याच्यावरूनच प्रोग्रामचे नाव पडले. पोस्टमन दिसला की तो भुंकायचा, अशी कथा पुढे पसरली. त्याच्या मालकिणीने मात्र ती नाकारलेली आहे. ‘बिफ वाय’ असे टंकले की सूचना चालू, ‘बिफ एन’ टंकले की बंद. आणि पुढे काहीच न लिहिता नुसते ‘बिफ’ टंकले, तर तो सध्या चालू आहे की बंद, तेवढे सांगून गप्प बसायचा. बदलण्याची आज्ञा आणि पाहण्याची आज्ञा यांत तिथे एका अक्षराचा फरक होता, आणि कोणतेही अक्षर न लिहिणे म्हणजे पाहणे. मला ती रचना फार सभ्य वाटते. माझ्या सेवेच्या कागदात सूचनांचे नऊ प्रकार होते आणि प्रत्येकाला चार पर्याय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला निराळाच प्रश्न पडला. ही सेटिंग साप्ताहिक केली कोणी? आधी वर्षभर तर विचारणांच्या ईमेल लगेच येत होत्या. मी एजंटला विचारले. त्याने उत्तर दिले, की सूचनांची संख्या कमी करण्यासाठी तुम्हीच यापूर्वी हा पर्याय निवडलेला असण्याची शक्यता आहे. वाक्य गुळगुळीत होते आणि ‘शक्यता’ हा शब्द त्यात होता, म्हणून मी ते क्षणभर मानलेही. मग बाण उघडून कागद पुन्हा पाहिला. त्यात तारीख कुठेच नव्हती. आधीची किंमत नव्हती. बदलणाऱ्याचे नाव नव्हते. एजंटला मिळालेल्या कागदात या प्रश्नाचे उत्तर नव्हते, आणि तरीही त्याने उत्तर दिले होते. खिडकीतून जेवढे बाहेर आले तेवढे सांगून ‘पुढचे या कागदावरून कळत नाही’ असे म्हणणारा कारकून मला रोज भेटतो. त्याचा राग येतो, पण त्याच्यामुळे फसगत होत नाही.

सातबाऱ्याची सवय असलेल्या माणसाला सेटिंगचा हा कागद फार उघडावाघडा वाटतो. सातबाऱ्यावर नावापुढे फेरफार क्रमांक असतो. जुने नाव खोडून नाहीसे करत नाहीत. त्याला कंस करतात, आणि कोणत्या फेरफाराने कंस झाला तो क्रमांक शेजारी राहतो. तो क्रमांक घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफारांची नोंदवही, काढली की वर्दी कोणी दिली, कशाच्या आधारे दिली, तलाठ्याने नोंद कधी घेतली आणि मंडळ अधिकाऱ्याने ती कधी प्रमाणित केली, हे सगळे वाचायला मिळते. शिवाय नोंद कायम होण्याआधी हितसंबंधितांना नोटीस जाते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० मध्येच तशी तरतूद आहे, आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. ही व्यवस्था मुळीच आदर्श नाही. नोटिसा न पोचल्याच्या, नोंदी परस्पर झाल्याच्या तक्रारींची भाषांतरे करूनच माझे घर चालते. पण बदलाची खूण ठेवली पाहिजे, एवढे तरी तिथे मान्य आहे. मला सूचना कशा मिळाव्यात याची सेटिंग बदलली, आणि त्याची सूचना मात्र मला मिळाली नाही. माझ्या जुन्या ‘तत्काळ’ला कोणी कंसही केला नव्हता.

तेव्हा संशयितांची यादी मीच केली. पहिली संशयित मी. पावसाळ्यात एका दुपारी वीज गेलेली असताना फोनवर बसून मी ईमेलची साफसफाई केली होती, आणि पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ‘सदस्यत्व रद्द करा’ असे दिसले की दाबत सुटले होते. या बटणाला बराच इतिहास आहे. ईमेलच्या अदृश्य मथळ्यात सदस्यत्व रद्द करण्याचा पत्ता देण्याची सोय १९९८ पासून आहे. पण स्पॅम पकडणारे प्रोग्राम ईमेलमधल्या सगळ्या दुव्यांवर स्वतःच जाऊन पाहू लागले, आणि नुसते जाऊन पाहिल्यानेही माणसांची सदस्यत्वे रद्द होऊ लागली. म्हणून २०१७ मध्ये नवा नियम लिहिला गेला, की दुवा केवळ उघडल्याने काहीही घडता कामा नये. रद्द करायचे तर तशी वेगळी विनंती पाठवली पाहिजे. पुढे २०२४ मध्ये, जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५००० किंवा अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना आपल्या प्रचाराच्या आणि वर्गणीच्या ईमेलमध्ये एका दाबाची ही सोय ठेवणे गूगलने सक्तीचे केले. म्हणजे बघायला गेलेल्या यंत्राने बदल करून येऊ नये, हा माझा त्या रात्रीचा प्रश्न ईमेलच्या लोकांनी एजंट येण्यापूर्वीच एकदा सोडवलेला होता. मी मात्र यंत्र नाही. मी दाबले होते आणि विनंतीही गेली होती. कशाकशासाठी दाबले, ते आठवत नाही.

दुसरी संशयित ती सेवा. तिच्याविरुद्धचा पुरावा मला अचानक मिळाला. सेटिंग माझ्या हाताने बदलायची असे ठरवून मी तिचे पान उघडले, तेव्हा त्यावर ‘नवी विचारणा’ नावाचे काहीच नव्हते. मी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचले. शेवटी ‘तुमच्यासाठी निवडक’ या शीर्षकाखाली, बातम्या आणि सवलतींच्या शेजारी, तो साप्ताहिकचा पर्याय सापडला. साधनाच्या कागदात जुने नाव तसेच राहिले होते आणि पानावर नवे नाव आले होते. कधी तरी प्रकारांची फेरमांडणी झाली, माझ्या पोटापाण्याची ईमेल ‘निवडक’च्या टोपलीत गेली आणि त्या टोपलीचा मूळ पर्याय तिला लागू झाला, असे मला वाटते. सिद्ध करता येणार नाही. मी सेवेला पत्र लिहून विचारले, त्याला ‘आपल्या पसंतीनुसार सेटिंग ठेवली आहे’ असे उत्तर आले, आणि मी तो विषय सोडला.

भाच्याला हे सगळे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, ‘मग तू एजंटलाच बदलायला का नाही सांगितलंस? तू परवानगी दिली असतीस तर एका मिनिटात झालं असतं.’

‘झालं असतं रे. पण मग पानावर नाव वेगळं आहे, हे मला कळलं नसतं.’

त्याला हे पटले नाही. त्याच्या मते मी एक मिनिटाच्या कामात दोन दिवस घालवले. हिशेब म्हणून ते बरोबरच आहे.

केवळ वाचण्याच्या परवानगीबद्दलही माझे मन पूर्ण साफ नाही. बाणाखालच्या त्या कागदात सूचनांच्या यादीच्या वर माझा मोबाइल क्रमांक होता, आणि मी कधी काळी दिलेला दुसरा ईमेल पत्ताही होता. मी फक्त सेटिंग विचारली होती. साधनाने जवळचे होते ते सगळे दिले, आणि ते सगळे एजंटपर्यंत, म्हणजे तो चालवणाऱ्या कंपनीच्या यंत्रापर्यंत गेले. पंचनाम्याला आलेले पंच काही बदलत नाहीत हे खरे, पण ते घर पाहून जातात.

सेटिंग तत्काळ केली म्हणजे ईमेल पोचलीच, असेही नाही. पाठवणाऱ्याचा सर्व्हर, जीमेलचे २०१३ पासूनचे प्रमोशन्सचे, म्हणजे जाहिरातवजा ईमेलचे, खण, मी स्वतः पूर्वी घालून ठेवलेली फिल्टर, आणि अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपने स्वतंत्र मागायची सूचनांची परवानगी, एवढ्या नाक्यांमधून ती यावी लागते. सेटिंग वाचणाऱ्या साधनाला यांतले काहीच दिसत नाही. रजिस्टर पत्राला जोडलेली ती रंगीत पोचपावती सहीसह परत यायची, तसे इथे काही येत नाही. मी बदल केल्यावर एजंटकडून पुन्हा एकदा वाचून घेतले, बाण उघडून त्या ओळीपुढे ‘तत्काळ’ आहे हे पाहिले, आणि वाट बघत बसले. पाचव्या दिवशी, बुधवारी, भाकरी थापत असताना फोन वाजला. देवरुखजवळच्या एका गावचे सात पानी बक्षीसपत्र होते. पिठाच्या बोटांनी होकार कळवला.

त्या दिवशी संध्याकाळी मी डायरीचे शेवटचे पान काढले, पट्टीने रकाने आखले आणि लिहिले: फेरफार क्रमांक १. विषय, नवी विचारणा (पानावरील नाव: तुमच्यासाठी निवडक). पूर्वीची नोंद, साप्ताहिक. तिला कंस केला. नवी नोंद, तत्काळ. बदल कोणी केला, स्वतः. पूर्वीची नोंद कोणी केली, या रकान्यात बराच वेळ काही लिहिले नाही, मग पेन्सिलीने ‘समजून येत नाही’ असे लिहिले, आमच्या कागदांत लिहितात तसे.